तीनशे विद्यार्थी, तीन विषय आणि थांबवलेला प्रयोग: सॅन होजे स्टेट–युडॅसिटी प्रकरण

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाने जानेवारी २०१३ मध्ये युडॅसिटी या ऑनलाइन शिक्षण देणाऱ्या कंपनीच्या साथीने तीन ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केले आणि त्याच वर्षीच्या जुलैत ते थांबवले. मधल्या सहा महिन्यांत काय घडले याची नोंद ठेवली गेली, निकाल जाहीर झाले आणि नॅशनल सायन्स फाउंडेशन या अमेरिकी सरकारी संस्थेच्या निधीतून अभ्यास अहवालही तयार झाला. ऑनलाइन शिक्षणात हे विरळाच. फसलेला अभ्यासक्रम बहुधा पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकातून गुपचूप नाहीसा होतो आणि तो का फसला हे कोणालाच कळत नाही. या प्रकरणात ते कळते, म्हणून ते तपशिलात पाहण्याजोगे आहे.

विद्यापीठाची अडचण

सॅन होजे स्टेट हे १८५७ साली सुरू झालेले सरकारी विद्यापीठ. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी या व्यवस्थेचा ते भाग आहे, तिची तेव्हा २३ संकुले होती. सिलिकॉन व्हॅलीच्या ऐन मध्यात असले तरी स्टॅनफर्डचा विद्यार्थी वेगळा आणि इथला वेगळा. नोकरी सांभाळून शिकणारे, घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणारे इथे पुष्कळ.

या व्यवस्थेत प्रवेश घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण मूलभूत पात्रतेत कमी पडतात, असे विद्यापीठाच्या तेव्हाच्या प्रोव्होस्ट, म्हणजे शैक्षणिक प्रमुख, एलन जन यांनी प्रयोगाची घोषणा झाली तेव्हा सांगितले होते. अशा विद्यार्थ्यांना तेव्हा आधी उपचारात्मक गणित, म्हणजे शाळेतले कच्चे राहिलेले गणित पुन्हा करावे लागे आणि ते पहिल्या वर्षातच उरकावे लागे, नाहीतर पुढचा प्रवेश अडे. त्यातच २००८ च्या मंदीनंतर राज्याने अनुदान कापले होते. वर्ग भरलेले, तुकड्या कमी, आणि एका विषयाची जागा मिळाली नाही म्हणून पदवी लांबलेले विद्यार्थी. तेव्हाचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांना कमी खर्चात जागा वाढवायच्या होत्या.

युडॅसिटीकडे दाखवायला एक झगमगता आकडा होता. सबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी २०११ च्या शरद सत्रात स्टॅनफर्डचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सगळ्यांना मोफत खुला केला. सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवले आणि सुमारे २३,००० जणांनी तो पूर्ण केला. त्यातूनच थ्रन यांनी ही कंपनी उभी केली. हे २३,००० जण कोण होते, हा प्रश्न त्या वेळी कोणी फारसा विचारला नाही. ज्याला संभाव्यताशास्त्र आणि रेषीय बीजगणित आधीच येते, ज्याच्याकडे संगणक आहे आणि ज्याला पदवीसाठी नव्हे तर हौसेने शिकायचे आहे, अशा माणसाला चांगली चित्रफीत पुरते. एकदा गणितात नापास झालेल्या अठरा वर्षांच्या मुलाला ती पुरेल का, हा वेगळाच प्रश्न आहे. आणि पहिल्या तीन विषयांपैकी एकात नेमकी हीच मुले बसवली गेली.

रचना कशी होती

१५ जानेवारी २०१३ रोजी ब्राउन, थ्रन आणि विद्यापीठाचे अध्यक्ष मोहम्मद कयूमी यांनी घोषणा केली. विषय तीन: उपचारात्मक गणित, महाविद्यालयीन बीजगणित आणि प्राथमिक संख्याशास्त्र. प्रत्येकी सुमारे १०० जागा, म्हणजे एकूण ३००. शुल्क एका विषयाला १५० डॉलर. उत्तीर्ण झाल्यास विद्यापीठाचे अधिकृत श्रेयांक, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे क्रेडिट. मोफत, श्रेयांक नसलेल्या खुल्या अभ्यासक्रमांपेक्षा हा प्रयोग इथेच वेगळा ठरतो.

साधारण अर्धे विद्यार्थी सॅन होजे स्टेटचे आणि अर्धे बाहेरचे, म्हणजे कम्युनिटी कॉलेजांतले (दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयांतले) आणि शाळांतले. शाळांमध्ये ओकलंड मिलिटरी इन्स्टिट्यूट ही एक चार्टर शाळा (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणारी) होती. उपचारात्मक गणितात विद्यापीठाचे जे विद्यार्थी घेतले, ते तोच विषय आधी एकदा नापास झालेले होते.

आशय विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी तयार करायचा, चित्रीकरण आणि मंच कंपनीचा, अशी वाटणी होती. युडॅसिटीची पद्धत ठरलेली: दोन-चार मिनिटांची फीत, त्यात लिहिणारा हात दिसतो, मग लगेच एक प्रश्न, उत्तर दिले की पुढची फीत. मदतीला कंपनीने नेमलेले ऑनलाइन मार्गदर्शक. अडलेल्याने त्यांना विचारायचे.

कागदावर यात खोट काढायला जागा नव्हती. फिती चांगल्या होत्या, प्रश्न वारंवार होते, माणसे उपलब्ध होती. ऑनलाइन अभ्यासक्रमाची गुणवत्ता तपासायला समिती आली असती, तर तिने बहुतेक रकान्यांत बरोबरची खूण केली असती.

कुठे बिघडले

पहिली गोष्ट वेळेची. घोषणा जानेवारीच्या मध्यावर झाली आणि वर्ग महिनाअखेरीस सुरू झाले. अभ्यासक्रम पूर्ण तयार नव्हता. सत्र चालू असतानाच प्राध्यापक पुढचे घटक रचत होते. प्रत्यक्ष वर्गात हे निभते. शिक्षक आदल्या रात्री तयारी करतो आणि समोरच्या चेहऱ्यांवरून गती ठरवतो. ऑनलाइनमध्ये आशय रचणे आणि विद्यार्थ्यावर लक्ष ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दोन्हींसाठी माणूस एकच असला की दुसरे काम मागे पडते. रेकॉर्डिंगची तारीख टळली तर सगळे ओरडतात. तिसऱ्या आठवड्यात गप्प झालेल्या विद्यार्थ्यासाठी कोणी ओरडत नाही.

दुसरी गोष्ट मुदतींची, आणि माझ्या मते हेच मूळ. आपापल्या गतीने शिका, हे युडॅसिटीच्या मंचाचे ब्रीदच होते. सुरुवातीला मधल्या मुदती जवळपास नव्हत्या. नोकरी करणाऱ्याला ही सवलत वाटते, पण तिचा हिशेब मांडून पाहा. अमेरिकेत तीन श्रेयांकांच्या विषयाला आठवड्याला साधारण ९ तास धरतात: ३ वर्गातले आणि ६ घरचे. १५ आठवड्यांचे झाले १३५ तास. पहिले पाच आठवडे कोणी टोकले नाही म्हणून वाया गेले, तर तेच १३५ तास दहा आठवड्यांत बसवायचे, म्हणजे आठवड्याला साडेतेरा. आठ आठवडे गेले तर उरलेल्या सातात आठवड्याला एकोणीस तासांहून अधिक. हे एका विषयाचे. बाकीचे विषय आणि नोकरी वेगळी. चालढकल करणारा विद्यार्थी आळशीच असतो असे नाही. त्याच्यासमोर चार कामे असतात: तीन आज मागणारी आणि एक सत्राअखेरी मागणारे. तो पहिली तीन करतो. कोणीही तेच केले असते.

गणितात याचा फटका दुप्पट बसतो. संख्याशास्त्रात आलेख काढण्याचा घटक कच्चा राहिला तरी संभाव्यतेचा घटक वेगळा म्हणून थोडाफार हाताशी लागतो. बीजगणितात अपूर्णांक आणि चिन्हे कच्ची असतील तर रेषीय समीकरण अडते, ते अडले की वर्गसमीकरण अडते. मागे पडलेला मुलगा सातव्या आठवड्याची फीत लावतो, त्याला पहिल्या मिनिटाला काही कळत नाही, आणि नेमका कुठला मागचा घटक आपल्याला येत नाही हेही त्याला सांगता येत नाही. फीत पुन्हा लावून उपयोग नसतो. तिथे ‘तू हे उणे चिन्ह कंसाबाहेर का काढलेस?’ असे विचारणारे कोणी लागते.

निम्मे सत्र उलटत आले तेव्हा किती जण मागे आहेत हे ध्यानात आले. मग मुदती आल्या, आठवण करून देणाऱ्या ईमेल गेल्या. तोवर वर मांडलेला हिशेब बहुतेकांच्या हाताबाहेर गेला होता.

तिसरी गोष्ट अगदी साधी, म्हणूनच लाजिरवाणी. ओकलंडच्या शाळेतल्या काही मुलांकडे घरी संगणक किंवा चांगले इंटरनेट नव्हते. शाळेला त्यांच्यासाठी संगणक कक्षाची सोय करावी लागली. प्रवेश देतानाच विचारण्याचा हा प्रश्न होता. ‘तुमच्याकडे संगणक आहे का’ एवढे विचारूनही भागत नाही. तो घरात किती जण वापरतात, रात्री नऊनंतर तो तुमच्या हाती असतो का, फोनच्या डेटावर महिनाभर फिती चालतात का, हे विचारावे लागते.

चौथी, मदतीची. मार्गदर्शक होते, शिकवणीची सोय होती, पण अशी मदत आहे आणि ती कशी मागायची हेच पुष्कळ विद्यार्थ्यांना ठाऊक नव्हते, असे अहवालात आढळले. यात नवल नाही. मदत मागायला आपल्याला काय येत नाही याचा अंदाज लागतो आणि विचारण्याचे धाडस लागते. अडलेल्याने येऊन विचारावे, ही व्यवस्था हुशार विद्यार्थ्याला मानवते. जो बुडतो तो हाक मारत नाही, तो गप्प होतो. त्यामुळे किती मार्गदर्शक नेमले यापेक्षा त्यांनी आपणहून किती जणांना गाठले, हा आकडा अधिक बोलका असतो.

पाचवी, नोंदींची. कोण किती फिती पाहतो, किती प्रश्नसंच सोडवतो याची माहिती कंपनीकडे होती. विद्यार्थी कोण, आधी कुठे नापास झाला, कुठल्या शाळेतून आला, ही माहिती विद्यापीठाकडे. दोन्ही जुळवणे अभ्यासकांनाही जड गेले. ज्या शिक्षकाला पाचव्या आठवड्यात कारवाई करायची, त्याच्या पडद्यावर ही दोन्ही शेजारी-शेजारी हवी होती.

आकडे आणि त्यांचे भाजक

वसंत सत्राचा निकाल असा लागला: उपचारात्मक गणितात सुमारे २४ टक्के उत्तीर्ण, बीजगणितात सुमारे २५, संख्याशास्त्रात सुमारे ५१. आवारातल्या नेहमीच्या वर्गांत बीजगणिताचे प्रमाण साधारण ६५ आणि संख्याशास्त्राचे साधारण ७५ टक्के असे. विद्यापीठात नोंदणी असलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा बाहेरून आलेल्यांचा निकाल आणखी खाली होता.

पण यापेक्षा वेधक आकडा दुसरा आहे. सुमारे ८३ टक्के विद्यार्थी शेवटपर्यंत अभ्यासक्रमात टिकले. खुल्या मोफत अभ्यासक्रमांवरचा नेहमीचा आक्षेप असा की नव्वद टक्के लोक मध्येच सोडून जातात. इथे श्रेयांक आणि पैसे गुंतलेले असल्याने लोक गेले नाहीत. राहिले आणि नापास झाले. म्हणजे रोगाचे निदान गळती हे नव्हते, मागे पडणे हे होते. हा फरक न कळता ‘टिकून राहण्याचे प्रमाण उत्तम’ असा ठराव मांडणाऱ्या बैठका आपल्याकडेही होतात.

अहवालातला सर्वात ठाम निष्कर्ष प्रयत्नांविषयी होता. विद्यार्थी कुठला, कोणत्या पार्श्वभूमीचा यापेक्षा त्याने सातत्याने किती काम केले, प्रश्नसंच सोडवून दिले का, यावरून निकालाचा अंदाज अधिक चांगला बांधता येत होता. हे ऐकून ‘मग दोष विद्यार्थ्यांचाच’ असे म्हणणे सोपे आहे. पण प्रयत्न ही वस्तू विद्यार्थी घरून बांधून आणत नाही. मुदत, टोकणारा माणूस आणि हाताशी यंत्र असेल तर प्रयत्न होतो. या तिन्ही गोष्टी संस्थेच्या हातात असतात. शिवाय प्रश्नसंच सोडवणे ही नोंद दुसऱ्याच आठवड्यापासून उपलब्ध असते. निकालाचा सर्वात चांगला अंदाज देणारी खूण सत्राच्या सुरुवातीलाच दिसत असताना तिच्याकडे निम्म्या सत्रानंतर बघितले, हे या प्रकरणाचे मर्म.

उन्हाळी सत्रात दोन विषय वाढवले आणि नोंदणी सर्वांना खुली केली. दोन हजारांहून अधिक लोक आले. निकाल एकदम उंचावला: संख्याशास्त्र ८३ टक्के, बीजगणित सुमारे ७३, तर उपचारात्मक गणित मात्र ३० च्या आसपास. सुधारणा झाली होती हे खरे, मुदती आणि सूचना वाढल्या होत्या. पण विद्यार्थीही बदलले होते. उन्हाळ्यात आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांकडे आधीच पदवी होती. आणि मध्येच सोडण्याची मुभा सैल असल्याने टिकणाऱ्यांचे प्रमाण ८३ वरून ६० टक्क्यांच्या आसपास आले. अभ्यासक्रम सुधारला की विद्यार्थी सुधारून आणले, हे या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही. जिथे गरजू विद्यार्थीच प्रामुख्याने येतात त्या उपचारात्मक गणिताचा आकडा जेमतेम हलला, ही गोष्ट मात्र डोळ्यांत भरते.

भाजकाचा खेळ एका काल्पनिक उदाहरणाने समजेल. शंभर जणांनी नाव घातले, ८३ टिकले, ४८ उत्तीर्ण झाले. दुसऱ्या वर्षी शंभर आले, ६० टिकले, तेवढेच ४८ उत्तीर्ण झाले. टिकलेल्यांवर टक्केवारी काढली तर निकाल ५८ वरून ८० वर गेला. नोंदणीवर काढली तर तो होता तिथेच, ४८ वर. म्हणून कुठलाही ऑनलाइन निकाल वाचताना आधी विचारायचे: भागाकार कशाने केला? नोंदणी झालेल्यांनी, शुल्क भरलेल्यांनी, पहिला गृहपाठ दिलेल्यांनी की परीक्षेला बसलेल्यांनी? चारही आकडे शेजारी छापले की वाद राहत नाही.

त्याच आवारातला दुसरा वर्ग

गंमत अशी की याच विद्यापीठात काही महिने आधी ऑनलाइन साहित्य वापरून उलट निकाल आला होता. २०१२ च्या शरद सत्रात विद्युत मंडलांच्या विषयाच्या एका तुकडीने हार्वर्ड आणि एमआयटीने सुरू केलेल्या एडएक्स या ऑनलाइन मंचावरचा, एमआयटीचे अनंत अगरवाल यांचा अभ्यासक्रम वापरला. विद्यार्थी घरी फिती पाहून येत आणि काय कळले नाही ते आधीच कळवत. वर्गात प्राध्यापक त्या अडलेल्या जागा घेऊन बोलत, मग तीन-तीन जणांचे गट करून गणिते सोडवत. त्या तुकडीत ९१ टक्के उत्तीर्ण झाले. नेहमीच्या पद्धतीच्या तुकड्यांत हे प्रमाण ५५ ते ५९ टक्के होते.

एका सत्राची, एका तुकडीची ही तुलना आहे. तिच्यावर फार मोठा इमला बांधू नये. विद्यार्थी अभियांत्रिकीचे, म्हणजे निवडक होते. पण फिती दोन्हीकडे होत्या, प्रश्न दोन्हीकडे होते. फरक होता तो आठवड्यातून ठरलेल्या वेळी समोर बसणाऱ्या माणसाचा, जो कोण आले नाही हे पाहू शकत होता. ऑनलाइन की प्रत्यक्ष, या वादात हा मुद्दा हरवतो. साहित्य कुठून आले याने फारसे बिघडत नाही. हजेरीवर कोणाची नजर आहे, याने बिघडते.

या यशावरूनच विद्यापीठाने बाहेरचे आणखी अभ्यासक्रम आणायचे ठरवले आणि वाद पेटला. तत्त्वज्ञान विभागाने एप्रिल २०१३ मध्ये हार्वर्डचे मायकेल सँडेल यांना खुले पत्र लिहून न्याय या विषयावरचा त्यांचा एडएक्स अभ्यासक्रम वापरायला नकार दिला. श्रीमंत विद्यापीठांत जिवंत प्राध्यापक आणि गरीब विद्यापीठांत त्याचे चित्रण, अशी दोन प्रकारची विद्यापीठे तयार होतील, ही त्यांची भीती. आपल्या सहकाऱ्यांचे नुकसान व्हावे असे आपल्याला मुळीच वाटत नाही, असे सँडेल यांनी उत्तरात म्हटले. युडॅसिटीचे निकाल त्यानंतर आले आणि विभागाच्या भीतीला अनपेक्षित पुरावा मिळाला. गर्दीच्या विषयांसाठी बाहेरच्या कंपन्यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांना श्रेयांक देणारे विधेयक राज्याच्या विधिमंडळात होते, तेही त्याच उन्हाळ्यात बासनात गेले.

जुलैत विद्यापीठाने शरद सत्रापुरता प्रयोग थांबवला. घाईत रचलेला अभ्यासक्रम आणि विद्यार्थ्यांची तयारी, ही कारणे प्रोव्होस्टनी उघडपणे मांडली. नोव्हेंबरमध्ये थ्रन यांनी एका मुलाखतीत आपले उत्पादन सुमार असल्याचे मान्य केले आणि अडचणीच्या परिस्थितीतून येणाऱ्या या विद्यार्थ्यांना हे माध्यम मानवणारे नव्हते, अशा अर्थाचे बोलले. कंपनीने मोर्चा नोकरदारांच्या तांत्रिक प्रशिक्षणाकडे वळवला, म्हणजे पुन्हा त्या २३,००० जणांसारख्या ग्राहकांकडे. व्यवसाय म्हणून ते शहाणपणाचेच होते. सार्वजनिक विद्यापीठाला मात्र आपला विद्यार्थी असा बदलून घेता येत नाही.

आपल्या नियमावलीत हे कुठे बसते

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम नियमावलीने आशयाची चौकट पक्की केली आहे. चार चौकोन: चित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वयंमूल्यमापन. विद्यापीठात अंतर्गत गुणवत्ता हमी केंद्र हवे. एका श्रेयांकाला ३० तासांचा अभ्यास. २५० विद्यार्थ्यांच्या तुकडीमागे एक मेंटॉर. दर पंधरवड्याला किमान दोन तासांचा सहभाग.

शेवटच्या तीन आकड्यांचा मेळ घालून पाहा. सत्राला २० श्रेयांक घेणाऱ्या विद्यार्थ्याचे झाले ६०० तास. १५ आठवड्यांत भागले तर आठवड्याला ४०. ही पूर्णवेळ नोकरी झाली, आणि ऑनलाइन एमए किंवा एमकॉमला येणारा विद्यार्थी बहुधा एक पूर्णवेळ नोकरी आधीच करत असतो. हा ४० चा आकडा प्रवेशाच्या जाहिरातीत कुठेही दिसत नाही. ‘घरबसल्या, सवडीने’ एवढेच दिसते. उलट पंधरवड्याला अपेक्षित ८० तासांपैकी दोन तास नोंदले की सहभागाची अट पुरी. नियम पाळला जातो आणि विद्यार्थी बुडत असतो, हे एकाच वेळी शक्य आहे.

महाराष्ट्राला या बाबतीत कोरी पाटी घेऊन बसण्याची गरज नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अभ्यासकेंद्रे, संमंत्रक (केंद्रावर विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारे शिक्षक) आणि स्वयंअध्ययनाची पुस्तके या तिपाईवर चालत आले. संमंत्रण सत्रांना येणारे थोडे असले तरी तालुक्याच्या ठिकाणी ‘अमका दोन रविवार दिसला नाही’ एवढे कळायची सोय त्या रचनेत होती. ऑनलाइनकडे जाताना पुस्तकाची फीत झाली, केंद्राचे पोर्टल झाले. संमंत्रकाच्या जागी काय आले, हे प्रत्येक विद्यापीठाने आपल्या पोर्टलवर शोधून पाहावे.

ती जागा भरायची तर काम सत्र सुरू होण्याआधी सुरू होते. पहिला घटक नव्हे, किमान निम्मे सत्र पुरेल एवढा आशय मंचावर चढलेला असल्याशिवाय प्रवेश उघडू नयेत. प्रवेशानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत विद्यार्थ्याकडून एक फुटकळ काम करून घ्यावे: लॉगिन करणे, दोन मिनिटांची फीत पाहणे, वहीच्या पानाचा फोटो काढून अपलोड करणे. यातच कोणाला पासवर्ड आला नाही, कोणाचा फोटो जड होतो, कोणाकडे फक्त वडिलांचा फोन आहे हे उघड होते. पहिला गृहपाठ दहाव्या दिवशी, लहान, पण गुण असलेला. गुण नसलेला गृहपाठ ज्याला गरज आहे तो देत नाही.

चौदाव्या दिवशी यादी काढायची, आणि ती लॉगिनची नको. लॉगिन फसवे असते. फीत लावून स्वयंपाक करता येतो. गृहपाठ दिला का, एवढाच रकाना बघायचा. २५० मधले समजा ५० जण त्यात रिकामे निघाले. त्यांना ईमेल पाठवून काही होत नाही, फोनच करावा लागतो. एका फोनला सरासरी दहा मिनिटे, त्यात न उचललेले पुन्हा लावणे धरले तर ५० जणांचे नऊ-दहा तास होतात, म्हणजे एका मेंटॉरचे दोन दिवस. चौदाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी असे तीनदा करायचे म्हटले तर सत्राला सहा दिवस. मेंटॉरला तासिका तत्त्वावर व्याख्यानाचेच पैसे देणाऱ्या विद्यापीठात हे सहा दिवस कोणत्याच बिलात बसत नाहीत, आणि म्हणून ते होत नाहीत. अंदाजपत्रकात ‘विद्यार्थी संपर्क’ असे वेगळे शीर्ष उघडल्याशिवाय बाकीचे सगळे बोलणे हवेत राहते.

फोनवर ‘अभ्यास करा’ हे सांगायचे नसते. तीन गोष्टी विचारायच्या: साहित्य उघडते का, आठवड्यात कोणत्या दिवशी किती वेळ मिळतो, आणि पहिल्या गृहपाठात नेमके कुठे थांबलात. नोंदवहीत ‘संपर्क झाला’ असे लिहून चालत नाही. कारण लिहायचे: यंत्र, वेळ, विषय कच्चा, घरची अडचण, की चुकीचा प्रवेश. पहिल्याचा इलाज तांत्रिक कक्षाकडे, दुसऱ्याचा श्रेयांक कमी करून सत्र हलके करण्यात, तिसऱ्याचा रविवारच्या छोट्या शिकवणीत. पाचव्या प्रकारच्या विद्यार्थ्याला शुल्क परतीची मुदत संपण्याआधी ते सांगायचे. त्यासाठी पहिली फेरी चौदाव्या दिवशीच उरकलेली हवी.